हात अजून सांगलीतच आहेत

पत्र थोडक्यात : लिहिणारा चोवीस वर्षांचा, सांगली जिल्ह्यातला, कृषी पदवीधर. सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठात एम.एस.साठी गेला. (विद्यापीठाचं नाव त्याच्या विनंतीवरून गाळलं आहे.) खोली लॅबपासून लांब, म्हणून १२० डॉलरला जुनी सायकल घेतली. मोसमातला पहिला पाऊस पडला त्या दिवशी कॅम्पसमधल्या सायकलींच्या गोल चौकात तो एका मुलीवर आदळला. तिचा गुडघा फुटला, हा हँडलवरून पुढे उडाला. मग दोनच आठवड्यांनी, रात्री साडेनऊला, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, 'स्टॉप' म्हणजे 'थांबा' असं लिहिलेल्या पाटीला न थांबल्याबद्दल आणि दिवा नसल्याबद्दल पोलिसाने तिकीट, म्हणजे दंडाची नोटीस, दिलं. एक रूममेट म्हणतो, कोर्टात लढ. दुसरा म्हणतो, कचऱ्यात टाक, दोन वर्षांनी तू इथे असणार आहेस का? बाबांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, 'गुन्हा दाखल झाला का? व्हिसाचं काय?' आई म्हणते, सायकल सोड, पैसे पाठवतो, जुनी गाडी घे. तीन आठवडे सायकल बाल्कनीत उभी आहे आणि हा चाळीस मिनिटं चालत लॅबला जातोय. त्याचे शब्द : 'लहानपणापासून सायकल चालवतोय. आपल्याकडे सायकलवाल्याला कुणी विचारत नाही. हा परदेशी पोरांना छळायचाच प्रकार आहे ना? दंड भरू, लढू की सोडून देऊ? आणि सायकल चालवू की नको?'

प्रिय मित्रा,

वयाने तू माझ्या भाच्याएवढा, म्हणून सरळ अरे-तुरे करते. तुझ्या पत्रात प्रश्न चार-पाच आहेत, पण मुदत एकालाच आहे, तिकिटाला. तेव्हा आधी तो कागद बाहेर काढ. पासपोर्टच्या फाइलमध्ये सगळ्यात मागे खुपसून ठेवला असशील.

त्यावर कोर्टाला उत्तर द्यायची तारीख आहे. पोलिसाने तुझी सही घेतली ती गुन्हा कबूल केल्याची नव्हे, 'या तारखेपर्यंत मी कोर्टापुढे येईन' एवढ्याच वचनाची. स्टॉपला न थांबणं याला तिथे 'इन्फ्रॅक्शन' म्हणतात. त्याला दंड असतो, तुरुंग नसतो. बाबा ज्या अर्थाने 'गुन्हा दाखल' म्हणतात तसं काही झालेलं नाही, हे त्यांना आजच फोन करून सांग. पण ती तारीख चुकवलीस, तर वचन मोडणं हा कॅलिफोर्नियात वेगळा फौजदारी गुन्हा होतो. म्हणजे बाबांची भीती आज खोटी आहे, आणि दुसऱ्या रूममेटचं ऐकलंस तर ती खरी होईल. तिकीट त्याच्या नावावर नाही, हेही ध्यानात घे.

आता कागद नीट वाच. प्रत्येक कलमाशेजारी 'करेक्टेबल' या शीर्षकाखाली दोन इवले चौकोन असतात, 'यस' आणि 'नो'. दिव्याच्या कलमापुढे 'यस'वर खूण असेल तर काम सोपं आहे. दिवा बसवायचा, अधिकाऱ्याला दाखवून सही घ्यायची, कोर्टाची छोटी फी भरायची, ते कलम मिटलं. स्टॉपचं कलम असं मिटत नाही. पण २०१६ पासून तिथे एक सोय आहे : स्थानिक पोलिसांनी सायकलस्वारांसाठी सुरक्षावर्ग ठेवला असेल, तर तो वर्ग करून दंड कमी करून घेता येतो. असा वर्ग सगळीकडे असतोच असं नाही. म्हणून पैसे भरायच्या आधी कॅम्पसच्या पोलीस चौकीत किंवा विद्यापीठाच्या वाहतूक कार्यालयात जाऊन विचार, नंतर नको. मूळ दंड किरकोळ दिसतो, पण त्यावर एकेक अधिभार चढत रक्कम काही पट होते. लॅबच्या पगारावर जगणाऱ्याने तो फरक सोडू नये.

लढायचं म्हणशील तर मार्ग आहे. कोर्टात न जाता लेखी जबाब देता येतो. रक्कम आधी भरायची, निकाल तुझ्या बाजूने लागला तर ती परत मिळते. फक्त तो जबाब शपथेवर असतो, आणि तू थांबला नव्हतास हे तू मलाच लिहिलं आहेस. पाटी फांद्यांआड झाकलेली असती तर मीच म्हटलं असतं, लढ.

व्हिसाबद्दल एवढंच : परदेशी विद्यार्थ्यांसाठी प्रत्येक विद्यापीठात कार्यालय असतं, तिथे तिकीट घेऊन जा. त्यांनी अशी तिकिटं ढिगाने पाहिलेली असतात. प्रकरण मिटलं की कोर्टाचा कागद आणि पावती जपून ठेव. पुढे एखाद्या अर्जात जुन्या भानगडी विचारल्या तर आठवणीपेक्षा कागद बरा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा प्रश्न टाकू नकोस. तिथे पंधरा जण पंधरा उत्तरं देतील, आणि त्यांतला एक तरी तुला रात्रभर जागं ठेवील.

इथवर कागदाचं झालं. आता मला तुझ्या एका वाक्याशी थोडं भांडायचं आहे.

'आपल्याकडे सायकलवाल्याला कुणी विचारत नाही.' माझे वडील पन्नासच्या दशकात पुण्यात शिकायला होते. सायकलला महापालिकेचा पत्र्याचा बिल्ला लागायचा, दर वर्षी पैसे भरून नवा. डबलसीट दिसलं की शिट्टी. आणि संध्याकाळनंतर दिवा हवाच. दिवा रॉकेलचा, वाऱ्याने विझणारा. विझलेल्या दिव्याने पकडलं की सगळे एकच सांगत, 'साहेब, आत्ताच विझला हो.' मग पोलीस काय करायचा, तर दिव्याच्या पत्र्याला हात लावून बघायचा. गरम असेल तर 'जा', गार असेल तर चाकाची हवा सोडायचा. वडील ही गोष्ट शंभर वेळा सांगत आणि दर वेळी हवा सुटल्याचा आवाज तोंडाने काढून दाखवत. तेव्हा विचारत होते, चांगलं विचारत होते. पुढे स्कूटरी आल्या, मोटारी आल्या, सायकल रस्त्याच्या कडेला ढकलली गेली आणि तिला विचारायचं बंद झालं. तू जन्मलास तो या न विचारण्याच्या काळात, म्हणून तुला ती मोकळीक वाटते. मला तसं वाटत नाही. सांगलीच्या कुठल्याही चौकात सायकलवाल्याला कुणी विचारत नाही आणि कुणी जागाही देत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच कारणाने होतात : त्याला कुणी वाहन समजतच नाही.

कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात कलम २१२०० आहे. सायकल चालवणाऱ्याला मोटार चालवणाऱ्याचे सगळे हक्क आणि त्याच्यावरची सगळी बंधनं लागू, असं ते सांगतं. बंधनाचा अर्धा भाग तुला तिकिटाच्या रूपाने भेटला. हक्काचा अर्धा कुणी सांगितला नसेल, म्हणून मी सांगते. मागून येणाऱ्या मोटारीने तुला ओलांडताना किमान तीन फूट अंतर ठेवायचं, हा नियम २०१४ पासून आहे. २०२३ पासून त्यात भर पडली की शेजारची लेन मोकळी असेल तर मोटारीने लेनच बदलायची. २०२४ पासून पादचाऱ्यांना 'चाला' सांगणाऱ्या दिव्यावर सायकललाही निघता येतं, म्हणजे वळणाऱ्या मोटारींच्या आधी. सायकलींची वेगळी बत्ती असेल तर मात्र ती पाळायची. उजव्या कडेने जायचं हा नियम आहे, पण लेन अरुंद असेल, कडेला खड्डे किंवा काचा असतील, डावीकडे वळायचं असेल, तर लेनच्या मध्ये यायचा हक्क त्याच कायद्यात लिहिलेला आहे. उभ्या गाड्यांच्या अगदी लगत जाऊ नकोस. कुणीतरी दार उघडतं आणि मग बोलायला वेळ नसतो.

आता त्या अपघाताकडे येते, कारण माझ्या मते तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे आणि तू ती दोन ओळींत उरकली आहेस. तू लिहितोस, 'ब्रेक दाबला तरी सायकल थांबली नाही, उलट मीच उडालो. सायकलच खराब आहे.' हे वाक्य मी तीनदा वाचलं.

बाल्कनीत जा. सायकलचा डावा ब्रेक दाब आणि वायर कुठे जाते ते बोटाने धरत धरत बघ. ती पुढच्या चाकाकडे जाते ना? आपल्याकडच्या साध्या सायकलीला बहुधा उलटं असतं : उजवा ब्रेक पुढचा, डावा मागचा. अमेरिकेत विकायच्या नव्या सायकलींना केंद्र सरकारचा नियमच आहे की उजव्या हाताने मागचं चाक थांबलं पाहिजे आणि डाव्याने पुढचं. तुझ्या डाव्या हाताला पंधरा वर्षं शिकवलं गेलं आहे, घाबरलास की करकचून दाब, मागचं चाक फार तर घसरेल. त्या ओल्या सकाळी तो हात शिकवल्याप्रमाणेच वागला. फक्त त्याने दाबला तो पुढचा ब्रेक. त्यात पाऊस. रिम ओली असली की रबर आधी पाणीच पुसत बसतं, सायकल थांबत नाही, म्हणून आपण आणखी जोरात आवळतो. मग पाणी निघालं की एकदम पकड बसते, पुढचं चाक जाम होतं आणि माणूस हँडलवरून जातो. सायकल खराब नव्हती. तू कॅलिफोर्नियात पोचलास, तुझे हात अजून सांगलीतच आहेत.

आणि नुसते ब्रेकला नाहीत. 'मी माझ्या बाजूने चाललो होतो,' असं तू गोल चौकाबद्दल लिहितोस. तुझी बाजू कोणती रे? तिथे रहदारी उजवीकडून जाते आणि गोल चौकात घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरते. आत असणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, बाहेरून येणाऱ्याने वाट बघायची. कचाट्यात सापडलास की तुझं शरीर डावीकडे झुकणार, म्हणजे नेमकं समोरच्याच्या अंगावर. मला वाटतं तसंच झालं असावं. हे मी स्वानुभवाने सांगते. मी दोन वर्षं डेव्हिसला, कॅलिफोर्नियातल्याच एका विद्यापीठाच्या गावात, राहिले, आणि पहिल्या आठवड्यात एका रिकाम्या रस्त्यावर, समोरून काही येत नसताना, सुरेखपैकी डाव्या बाजूने चालले होते. समोर बस आल्यावर कळलं. ड्रायव्हरने हॉर्नसुद्धा वाजवला नाही, थांबून माझ्याकडे नुसतं बघत बसला. तो हॉर्न परवडला असता.

डेव्हिसचं नाव निघालंच आहे तर जरा थांबते. तू शेतीतला माणूस आहेस, तुला आवडेल. साठच्या दशकात तिथले कुलगुरू एमिल म्राक यांनी कॅम्पसच्या आराखड्यातच सायकली धरायला लावल्या. १९६७ मध्ये डेव्हिस शहराने रस्त्यावर सायकलींसाठी लेन आखल्या, अमेरिकेतल्या पहिल्या. कॅम्पसचा मधला भाग खासगी मोटारींना बंद आहे, आणि तिथे मोटारींसाठी नव्हे, सायकलींसाठी गोल चौक बांधलेले आहेत. तास सुटला की दहा मिनिटं नुसता पूर येतो. ती दहा मिनिटं गेली की त्याच चौकात खारी फिरतात. स्टॅनफर्डच्या आवारात अशीच गर्दी एका ठिकाणी आदळते, त्याला पोरं 'सर्कल ऑफ डेथ' म्हणतात. नाव थट्टेतलं, ओरखडे खरे.

आणि डेव्हिसची एक गोष्ट माझी लाडकी आहे. तिथे रस्त्याकडेला जुनी ऑलिव्हची झाडं आहेत. फळं पिकून सायकलच्या वाटेवर पडायची, चिरडून तेल सुटायचं आणि माणसं घसरून आपटायची. आपल्या जांभळाखालच्या रस्त्यासारखंच, फक्त जास्त तेलकट. अपघातांपायी विद्यापीठाला पैसे मोजावे लागले. शेवटी २००५ च्या सुमारास बागकाम खात्याने ठरवलं की ही फळं पडायच्या आधी उतरवायची आणि तेल काढायचं. ते तेल बाटल्यांत भरून विकायला लागले, आणि पुढे २००८ मध्ये तिथे ऑलिव्हचं संशोधन केंद्रच उभं राहिलं. सांगायचं कारण, तुझा पहिल्या पावसातला अपघात काही जगावेगळा नव्हता. कॅलिफोर्नियात उन्हाळाभर थेंब पडत नाही. रस्त्यावर तेल, धूळ, सुकी पानं साचतात आणि पहिल्या सरीत त्याचा चिखलही होत नाही, साबण होतो. पहिल्या पावसाच्या दिवशी जुने-जाणतेही आपटतात. त्या दिवशी खुशाल बसने जा.

तर हात कसे बदलायचे? दुकानात जाऊन ब्रेकच्या वायरी उलटसुलट करून घेता येतात, काही जण घेतातही. मी नको म्हणेन. उद्या मित्राची सायकल घेशील, परवा भाड्याची, आणि तिथे पुन्हा तेच. त्यापेक्षा रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये जा. हळू चाल, उजव्याने मागचा ब्रेक दाब, मग डाव्याच्या फक्त दोन बोटांनी पुढचा हळूच लाव, बूड सीटवर मागे सरकव. वीस वेळा, तीस वेळा कर. नंतर वेग वाढव. दोन बोटं हा नियम पक्का ठेव, पूर्ण मूठ डाव्या ब्रेकवर जाऊच देऊ नकोस. सवय मोडायला लागते त्यापेक्षा नवी घालायला कमी दिवस लागतात, असा माझा अनुभव. तेवढ्यात एका हाताने सायकल धरून मागे वळून बघायचाही सराव कर, कारण हात दाखवणं तिथे कायद्याने लागतं. डावीकडे वळताना डावा हात सरळ बाहेर, उजवीकडे वळताना उजवा सरळ बाहेर, थांबताना डावा हात खाली. आपल्याकडे 'हात दाखवून अवलक्षण' म्हणतात. तिथे न दाखवून होतं.

उजवीकडची रहदारी म्हणजे अवघड वळण डावीकडचं. मधल्या लेनमध्ये घुसून मोटारींसारखं वळायचा हक्क तुला आहे, पण पहिले काही महिने तो वापरू नकोस. सरळ चौक ओलांड, पलीकडच्या कोपऱ्यावर थांब, सायकल वळव, तिकडचा हिरवा दिवा लागला की जा. मिनिटभर जास्त लागेल. अगदीच गोंधळलास तर उतरून सायकल हातात धर, म्हणजे तू पादचारी झालास. आणि उजवीकडे वळायचा दिवा लावलेल्या मोटारीच्या उजव्या बाजूने पुढे घुसू नकोस, कधीच नाही. तिथे वळण्याआधी शेवटच्या दोनशे फुटांत मोटारींना सायकलच्या लेनमध्ये यायला कायदाच सांगतो. आपल्याला वाटतं गाडीने आपली वाट अडवली. ती नियमानेच आलेली असते. मागे थांब.

आता दिवा. 'हातात फोनचा टॉर्च होता की,' असं तू लिहितोस. मग ब्रेक कुठल्या हाताने लावणार होतास? आता तुला कळलंच असेल हे मी का विचारते. अंधारात पुढे पांढरा दिवा हवा, समोरून आणि बाजूने तीनशे फुटांवरून दिसणारा. मागे लाल रिफ्लेक्टर हवा, पाचशे फुटांवरून दिसणारा. पायडलला आणि बाजूंनाही रिफ्लेक्टर लागतात. जुन्या सायकलींचे ते बहुधा पडून गेलेले असतात, म्हणून आज मोजून बघ. मागे लाल दिवाही लाव. तुला रस्ता दिसावा एवढ्याचसाठी दिवा नसतो, दुसऱ्याला तू दिसावास म्हणूनही असतो. रात्री साडेनऊला तुला चिटपाखरू दिसलं नाही, तसाच तूही कुणाला दिसला नसतास. पोलिसाला दिसलास एवढंच. चार्जिंगचे दिवे स्वस्त मिळतात. सायकल लावलीस की काढून खिशात टाक, नाहीतर दुसऱ्या दिवशी नुसता रबरी पट्टा उरेल.

आणखी एक, पोलिसाने न लिहिलेलं. 'गाणं ऐकत निवांत येत होतो,' असं तू सहज लिहून गेलास. दोन्ही कानांत काही घालून सायकल चालवणं तिथे बेकायदा आहे. एका कानात चालतं. म्हणजे तिसरं कलम तुला माफ झालं, तेवढं त्या पोलिसाच्या नावे जमा धर. मित्रांच्या पार्टीहून येताना पिऊन सायकल चालवणं हाही तिथे गुन्हा आहे, 'सायकलच तर आहे' हे कोर्टात चालत नाही. हेल्मेट अठरा वर्षांखालच्यांना सक्तीचं, तुला नाही. तरी घे. तुझ्या आईला मी एवढा एकच शब्द देऊ शकते.

रिकाम्या रस्त्यावर स्टॉपला कशाला थांबायचं, हा तुझा मुद्दा मात्र मी वेडगळ म्हणणार नाही. अमेरिकेतल्याच आयडाहो राज्यात १९८२ पासून सायकलने स्टॉपच्या पाटीला वेग कमी करून, बघून, रस्ता मोकळा असेल तर न थांबता गेलं तरी चालतं. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने २०२१ मध्ये तशाच अर्थाचं विधेयक मंजूर केलं होतं, गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ते नाकारलं. म्हणजे तुझ्यासारखा विचार करणारे आमदार तेव्हा तिथे बहुमताने होते. पण नियम बदलला नाही तोवर चाक पूर्ण थांबलं पाहिजे. पाय टेकवावाच असं कायदा म्हणत नाही, पण टेकव. पोलिसाला लांबून तोच दिसतो.

राहिला 'परदेशी पोरांना छळ' हा प्रश्न. तो मी झटकून टाकणार नाही. रंग बघून अडवणं घडत नाही असं कुठल्याच देशाबद्दल म्हणता यायचं नाही. आपल्याकडेही नाही. पण तुझ्याच पत्रात त्याविरुद्धचा पुरावा आहे. तू लिहितोस की त्याच आठवड्यात तुझ्या लॅबमधल्या दोघांना तिकीट मिळालं, आणि त्यांतला एक तिथलाच, ओहायोचा. सत्राच्या सुरुवातीला नवी पोरं सायकली घेऊन रस्त्यावर उतरतात आणि पोलीसही उतरतात. तुला राग आला तो मला समजतो. फक्त तो राग ज्या गोष्टीचा आहे तिला त्याच नावाने हाक मार. दिव्याच्या उजेडात, रस्त्याकडेला उभं राहून आपलं नाव स्पेलिंगसकट सांगावं लागलं, त्याची लाज वाटली. लाजेला छळाचं नाव दिलं की बरं वाटतं, मलाही वाटलं असतं. खरोखरच तो माणूस वाकडं बोलला असेल तर वेळ, जागा, अधिकाऱ्याचं नाव लिहून ठेव आणि वेगळी तक्रार कर. तक्रार आणि तिकीट या दोन वाटा वेगळ्या आहेत, एकीचा राग दुसरीवर काढू नकोस.

आईची गाडी? हिशेब तूच घाल : विमा, पार्किंगचा पास, पेट्रोल, आणि लायसन्ससाठी पुन्हा तेच स्टॉप, तेच उजवं-डावं, यावेळी टनभर लोखंडासकट. ज्याचे हात अजून बदललेले नाहीत त्याच्या हाती आधी मोटार द्यावी असं मला वाटत नाही. चालणंही वाईट नाही, पण रोजची ऐंशी मिनिटं तू भीतीपोटी देतो आहेस, व्यायाम म्हणून नव्हे. बस असेल तर पावसात, धुक्यात आणि थकलेल्या रात्री बस घे. तुझं विद्यापीठ कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यात, म्हणजे 'सेंट्रल व्हॅली'त, असेल तर थंडीत तिथे असं दाट धुकं उतरतं की हातभर अंतरावरचं झाड दिसत नाही, तेव्हा सायकल घरीच बरी. बाकीचे दिवस सायकल. माझं मत विचारशील तर सोडू नकोस.

कुलूप इंग्रजी 'यू'च्या आकाराचं घे, फ्रेम आणि मागचं चाक दोन्ही त्यात आलं पाहिजे, नुसतं पुढचं चाक बांधून गेलास तर परत येशील तेव्हा तेवढंच मिळेल. सायकल उलटी केलीस की पायडलच्या दांडीजवळ खालच्या बाजूला नंबर कोरलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेव आणि विद्यापीठ जिथे नोंदवायला सांगेल तिथे नोंदव. फुटपाथवर चालवायची की नाही हे तिथे गावागणिक बदलतं, आणि कॅम्पसमध्ये काही भागांत उतरून चालावं लागतं. जमिनीवरच रंगवलेलं असतं, आपण बघत नाही.

हे पत्र वाचणारी इतर मुलंही असतील, म्हणून जाता जाता : ऑस्ट्रेलियात हेल्मेट मोठ्यांनाही सक्तीचं आहे. जर्मनीत सायकलला घंटी नसली तर दंड होऊ शकतो. नेदरलँड्समध्ये २०१९ पासून सायकल चालवताना हातात फोन धरायला बंदी आहे. ब्रिटनमध्ये जाणाऱ्यांचे हात मात्र सुखरूप, तिथे रस्त्याची बाजू आपलीच आणि ब्रेकही आपल्यासारखेच.

त्या मुलीबद्दल तू एकच ओळ लिहिली आहेस, की 'सॉरी म्हणून मी निघून आलो, ती अजून कधीकधी ग्रंथालयात दिसते, मी वाट बदलतो.' पुढच्या वेळी असं काही झालं तर निघून येऊ नकोस. थांब, नाव-नंबर द्या-घ्या, तिला दवाखान्यात जायचं का विचार. आणि यावेळी वाट बदलू नकोस. गुडघा कसा आहे एवढं विचार. त्याला दोन मिनिटं लागतील, आणि तू तिकिटापेक्षा याचंच ओझं जास्त वाहतोयस, असं मला तुझ्या पत्राच्या अक्षरावरून वाटतं.

रविवारी सरावाला जाशील तेव्हा बाबांना व्हिडिओ कॉल लाव. तिकिटाचं सांगून झालं की विचार, बाबा, तुमच्या सायकलचा पुढचा ब्रेक कुठल्या हाताला होता? ते लगेच उत्तर देणार नाहीत. आधी दोन्ही हात पुढे घेतील, हवेत मुठी आवळून बघतील, आणि मग सांगतील.